अंतर कुणी चालायचं?

पुण्यात कुणाला पानशेत म्हटलं की काय आठवतं ते ठरलेलं आहे. जलाशयाकाठचे तंबू, शेकोटी, कुणीतरी आणलेला ब्लूटूथ स्पीकर, भाजलेलं कणीस आणि रविवारी संध्याकाळी परतताना खडकवासल्याच्या चौपाटीवर तासभर अडकलेली गाडी. जरा वयस्कर माणसाला विचारलंत तर तो १२ जुलै १९६१ ही तारीख सांगेल. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. दोन्ही आठवणींत पानशेत शहराच्या कडेला आहे, रस्ता संपत येतो तिथे.

रस्ता तिथे संपत नाही. जलाशयाच्या मागे शिरकोली, माणगाव, टेकपोळे, दापसरे, घोळ अशी गावं आहेत, आणि गावांच्या पोटात वाड्या-वस्त्या. त्या बाजूने पाहिलं की नकाशा उलटा होतो. एसटी पकडायची ती पानशेतला. गोळ्या-औषधं, झेरॉक्स, मोबाईलची दुरुस्ती, खताची गोणी, शिवणयंत्राची सुई, यासाठी डोंगरातल्या माणसाला उतरून यावं लागतं ते अशाच एखाद्या गावात. आपल्या लेखी जे टोक आहे ते त्याच्या लेखी मध्य आहे.

अशा गावासाठी आजच्या मराठीत धड शब्द उरलेला नाही. 'बाजाराचं गाव' म्हणतात, 'मोठं गाव' म्हणतात, सरकारी भाषेत 'केंद्र' म्हणतात. जुन्या कागदांत शब्द होता. मौजे म्हणजे नुसतं गाव. कसबे म्हणजे जिथे पेठ आहे आणि आजूबाजूच्या मौज्यांचा कारभार जिथून चालतो ते गाव. मौजे हा शब्द जमिनीच्या कागदांवर अजून भेटतो. कसबे मात्र गावांच्या नावांतच अडकून राहिलं आहे. आणि हो, पुणं हेसुद्धा एके काळी कसबे पुणेच होतं. कसबा पेठ ही त्याची खूण. ज्या शहराचा आपल्याला एवढा अभिमान, ते मुळात भोवतालच्या खेड्यांनी येऊन-जाऊन मोठं केलेलं एक बाजारगाव आहे.

माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एखादं गाव मध्य होतं, कारण बाकीचे तिथवर चालत येतात. मग त्या चालण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा? माणसाने सोयीकडे जायचं की सोयीने माणसाकडे? वरवर पाहता हा रस्ते आणि बसगाड्यांचा प्रश्न आहे. पण थोडं खरवडलं की तो न्यायाचा प्रश्न निघतो. आणि त्याचं उत्तर मला वाटलं होतं तेवढं सरळ निघालं नाही.

आधी हिशेब पाहू. वाल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून एक सिद्धांत मांडला. कोणती गावं केंद्र होतात आणि का, हा त्याचा विषय. त्यात दोन कल्पना आहेत. मी त्यांना मराठीत उंबरठा आणि पल्ला म्हणते. उंबरठा म्हणजे एखादं दुकान किंवा दवाखाना चालायला किमान किती गिऱ्हाईक लागतं. पल्ला म्हणजे त्या वस्तूसाठी माणूस किती लांब जायला तयार असतो. मिठाचा उंबरठा छोटा, म्हणून मीठ वाडीतल्या घरगुती दुकानातही मिळतं. मीठ घ्यायला कुणी दहा किलोमीटर जाणार नाही, म्हणून पल्लाही छोटा. सोनाराचा उंबरठा मोठा. डोळ्यांच्या डॉक्टरचा त्याहून मोठा. या दोन आकड्यांतून नकाशावर आपोआप लहान केंद्रं, मोठी केंद्रं, त्याहून मोठी केंद्रं उभी राहतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. सिद्धांत देखणा आहे. पुढे हाच क्रिस्टालर नाझी पक्षात गेला आणि जिंकलेल्या पोलंडमध्ये कुठली गावं ठेवायची, कुठे नवी वसवायची, याच्या आखणीत त्याने काम केलं. जमीन कोरी आहे असं धरलं की षटकोन फार सुबक निघतात. त्या जमिनीवर आधीपासून कोण राहत होतं हा प्रश्न मग पडतच नाही.

आपल्याकडे जर्मनी सोडा, पण पोळं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्या आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार, असा नियम आहे. उपकेंद्रासाठी ५ हजार आणि ३ हजार. म्हणजे डोंगरात माणसं विरळ आहेत हे सरकारने मान्य केलंय आणि उंबरठा थोडा खाली आणलाय. शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत तर आकडा लोकसंख्येचा नाही, अंतराचाच आहे. पहिली ते पाचवी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. मला हा नियम फार आवडतो. त्यात शाळेला किती मुलं परवडतात हे विचारलेलं नाही. सहा वर्षांच्या मुलाचे पाय किती चालू शकतात एवढंच विचारलंय.

पण मुलं कमी होत जातात. कारखान्यांकडे, पुण्याकडे माणसं जातात, लेकरं बरोबर नेतात, आणि वाडीतल्या शाळेत चार मुलं आणि एक शिक्षक उरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांची मुलं एकत्र आणून 'समूह शाळा' करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या १४ हजार ७०० च्या वर होती. पट २० च्या आत असला तरी त्यांतली एकूण मुलं पावणेदोन लाखांहून जास्त. नमुना म्हणून दोन शाळांकडे बोट दाखवलं गेलं. एक नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळची आणि दुसरी पानशेतची. पानशेतला पुणे जिल्हा परिषदेने मोठी शाळा उभी केली आणि आसपासच्या लहान शाळांतल्या मुलांना तिथे बसने आणायला सुरुवात केली.

परिपत्रक आल्याबरोबर गदारोळ झाला. शिक्षक संघटना आणि शिक्षण क्षेत्रातले कार्यकर्ते म्हणाले, हा शाळा बंद करण्याचा डाव आहे, मुली आधी गळतील. सरकार म्हणालं, बंद करत नाही, दर्जा देतोय. दोन्ही बाजू वाचताना मी पहिल्या बाजूला होते. अजूनही बरीचशी आहे. पण याच सुमारास घरात एक बोलणं झालं आणि माझी बाजू थोडी डगमगली.

आईचं माहेर पश्चिमेकडच्या डोंगरातलं. बारा-पंधरा घरांची वाडी. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा बाजारगावी, चालत दीड-दोन तास. मामाला नातेवाइकांकडे ठेवलं आणि तो दहावी झाला. आईला ठेवलं नाही. ती चौथीवर थांबली. मी लहानपणापासून ही गोष्ट अन्याय म्हणून ऐकत आलेय आणि ती अन्यायाचीच आहे.

"अंतर नक्की किती होतं गं?" मी विचारलं.

"पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी," ती म्हणाली. "मधे ओढा होता."

मी तिला समूह शाळेची बातमी सांगितली. म्हटलं, बघ, आता असलेल्या शाळाही काढून घेतायत. ती सुपात शेंगदाणे पाखडत होती. म्हणाली, "बस देतायत ना?"

"देतायत म्हणे."

"मग काय वाईट आहे?"

"अगं, पण तुझ्या वाडीतच सातवीपर्यंत शाळा असती तर?"

"तर सातवीपर्यंत शिकले असते आणि वाडीतच राहिले असते." मग थोडं थांबून, "मला बाजार बघायचा होता गं. आजीबरोबर वर्षातून चार-पाचदा जायचे मी. पोस्टात खुर्चीवर बसलेली बाई मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. समोर पुरुष माणसं रांगेत उभी आणि ती त्यांना सांगतेय, थांबा. वाडीत कोण दिसणार होतं मला तसं?"

यावर माझ्याकडे तयार वाक्य नव्हतं. मी अंतराकडे फक्त ओझं म्हणून पाहत होते. तिच्या लेखी बाजारगाव लांब असणं हा अन्याय होता, पण ते वाडीपेक्षा वेगळं असणं हाच त्याचा उपयोग होता. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवर जो घाव घातला, त्याची आठवण इथे येणारच. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता आणि व्यक्तीला घटनेचा पाया मानल्याचा त्यांना आनंद होता. जिथे प्रत्येकाला तुम्ही कुणाची कोण हे माहीत आहे तिथून बाहेर पडणं ही काहींसाठी सहल असते आणि काहींसाठी सुटका. तेव्हा "सोय दारात आणा" म्हणताना आपण कुणाला दारातच बांधून ठेवतोय का, हेही पाहावं लागतं. चार मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही. भांडायला, रुसायला, दुसरी मैत्रीण करायलाही माणसं लागतात.

एवढं मान्य करूनही मी पुन्हा आधीच्या बाजूला का सरकते, ते सांगण्यासाठी मला पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर जायला हवं.

पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथे आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. गांधीजी तिथे येऊन राहत असत. गरिबांसाठी निसर्गोपचाराची संस्था काढायची तर ती इथेच, असं त्यांच्या मनात होतं. केंद्र तयार, डॉक्टर तयार, स्टेशन दोन पावलांवर. मग १९४६ च्या सुरुवातीला त्यांनी स्वतःलाच मूर्ख ठरवलं आणि 'हरिजन'मध्ये तसं लिहिलं. शहरात बसून गरीब आपल्याकडे येतील अशी अपेक्षा करणं चूक आहे, मलाच त्यांच्याकडे गेलं पाहिजे, असा त्याचा आशय. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले आणि काही दिवस स्वतः रोगी तपासत राहिले. वय ७६. औषधं म्हणजे ऊन, पाणी, माती आणि रामनाम. त्या उपचारांबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही, पण इथे तो मुद्दा नाही. मुद्दा असा की चालण्याचा भार त्यांनी उलटवला. आजारी माणसाने चालायचं नाही, बऱ्या माणसाने चालायचं.

तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. गांधीजी शेवटच्या वाडीवर गेले नाहीत. ते उरुळीला गेले, जिथे रेल्वे थांबते. त्यांनीही अंतर पूर्ण संपवलं नाही, आपल्या बाजूने बरंचसं कापलं. ते निघून गेल्यावर मणिभाई देसाई मागे राहिले आणि १९९३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी उरुळी सोडली नाही. आज त्या आश्रमात शहरातून विश्रांतीला आणि वजन उतरवायला येणारे लोकही असतात. केंद्राला उंबरठा भरावाच लागतो, त्याला इलाज नाही.

मणिभाईंनी १९६७ मध्ये उरुळीतच 'बाएफ' ही संस्था काढली. संकरित गायींचं मोठं काम तिने केलं. तिची ओळख झाली ती एका साध्या पद्धतीमुळे. कृत्रिम रेतनासाठी शेतकऱ्याने गाय केंद्रावर आणायची नाही. कार्यकर्ता गोठवलेल्या रेताचं भांडं घेऊन दुचाकीवर गोठ्यात जाणार. कारण सरळ आहे. माजावर आलेली गाय सात-आठ किलोमीटर चालवत आणली तर वेळ टळते, गायीला त्रास होतो आणि शेतकऱ्याचा दिवस मोडतो. कुणी असं म्हटलं नाही की गायीला जरा बाजारगाव पाहू दे. हे वाचून हसू येईल, पण मला त्यात हसण्यासारखं कमी दिसतं. अंतर कुणी कापायचं हा प्रश्न सुटू शकतो, त्याची रीत याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वीपासून आहे, आणि ती आपण गायीसाठी आधी वापरली.

आता पुन्हा पानशेत. कारण पानशेतहून पुण्याकडे एक गोष्ट रोज येते आणि ती गोष्ट आपण रोज सकाळी नळ सोडून वापरतो.

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीतून पुण्याचं पाणी येतं. वरच्या धरणांतून नदीत सोडतात, खडकवासल्यात साठतं, तिथून बंद नळातून पर्वतीच्या जलकेंद्रात आणि मग आपल्या टाकीत. पानशेतपासून माझ्या घरापर्यंत तीसेक किलोमीटर अंतर असेल. २०११ च्या जनगणनेत ३१ लाख लोक असलेल्या या शहराला आजवर कुणी म्हटलं नाही की पाणी पानशेतला उत्तम आहे, मोठा जलाशय आहे, दर्जेदार सोय आहे, तुम्ही बसने जाऊन या. पाण्याच्या बाबतीत आपण ठरवून टाकलंय की पाण्याने यायचं. त्यासाठी खोऱ्यातली गावं उठली, माणसं दुसरीकडे गेली, आणि जी मागच्या डोंगरांत उरली त्यांचा जुना रस्ता पाण्याखाली जाऊन नवा रस्ता जलाशयाला वळसा घालून गेला. मागच्या वाड्यांचं पानशेतपासूनचं अंतर वाढलंय त्यात आपल्या नळाचाही वाटा आहे.

कचऱ्याचं नेमकं उलटं. तो आपण आपल्याकडून बाहेर पाठवतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे कित्येक दशकं पुण्याचा कचरा पडत आला. (उरुळी कांचन वेगळं आणि उरुळी देवाची वेगळं, दोन्ही सोलापूरच्या दिशेलाच.) २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे शहर स्वतःच्या वासात बसलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली गेली, आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. गाव कधी शहरात असतं, कधी नसतं. कचऱ्याचं जाणं त्यामुळे थांबलं नव्हतं.

म्हणजे पाणी येतं, कचरा जातो, आणि दोन्ही वेळा अंतर आपल्याला कापावं लागत नाही. अंतर कुणी चालायचं हे गरजेवरून ठरत नाही. ते ठरतं, नकार कोण देऊ शकतं यावरून. पुणेकर नकार देऊ शकतो. चार पोरांची वाडी देऊ शकत नाही. म्हणून समूह शाळेबद्दलचा माझा आक्षेप मोठ्या शाळेवर नाही. मोठी शाळा चांगलीच. आक्षेप असा की "इतकी थोडी मुलं परवडत नाहीत" हे वाक्य फक्त एकाच दिशेला बोललं जातं. डोंगरातून तीस किलोमीटर पाणी खाली आणणं परवडतं का, असं पुण्यात कुणी मोठ्याने विचारत नाही.

पीटर सिंगरचा १९७२ चा निबंध तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. डबक्यात बुडणारं पोर समोर दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग हजारो मैलांवरच्या पूर्व बंगालमधल्या निर्वासितांना मदत न करायला अंतर हे कारण कसं होऊ शकतं, असा त्याचा सवाल. नैतिकदृष्ट्या अंतराला वजन नाही. मला हे पटतं, पण ते देणाऱ्याच्या खुर्चीतून लिहिलेलं आहे. देणाऱ्याला अंतर ही मनाची गोष्ट आहे, मनातून काढली की संपली. घेणाऱ्याला ती पायांची गोष्ट आहे. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर आहे म्हणजे बारा किलोमीटरवरच आहे, तिथे तत्त्वज्ञान उपयोगाचं नाही, १०८ ची गाडी उपयोगाची आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी सर्वांत शहाणपणाने झुंजलेला माणूस माझ्या मते कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्यात सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणारं, एकत्र जेवणारं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पुढे त्यांनी खेड्यापाड्यांत शेकडो व्हॉलंटरी शाळाही काढल्या, देवळात, चावडीत, जागा मिळेल तिथे. या दोन कामांचं आपण एकत्र कौतुक करतो, पण त्यांची दिशा उलट आहे. एकात शाळा पोराकडे जाते, दुसऱ्यात पोर शाळेकडे येतं. भाऊरावांना दोन्ही लागलं, कारण सहा वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचं मूल या वेगळ्या गोष्टी आहेत. लहान असताना शाळेने चालायचं. मोठं झाल्यावर मुलाने बाहेर पडायचं, पण तेव्हाही रोजची पायपीट नाही, राहायला जागा आणि जेवायला ताट. आईच्या वाट्याला यातला पहिला भाग चौथीपर्यंत आला. दुसरा आलाच नाही. तिच्यासाठी वसतिगृह असतं तर तिने बाजारही पाहिला असता आणि ओढाही मोजावा लागला नसता.

आणखी एक जुनी रीत आहे, शाळेहून जुनी. आठवडी बाजार. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी आठवडी बाजारांवर केलेला अभ्यास १९७० मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. त्याच वर्षी इरावतीबाई गेल्या. बाजारात त्यांना नुसता व्यापार दिसला नव्हता, आदिवासी, ग्रामीण आणि नागर अशा तीन जगांची गाठ पडणारी जागा दिसली होती. मला आठवडी बाजाराचं नवल वेगळ्या कारणाने वाटतं. त्यात केंद्रच चालतं. कापडवाला, भांडीवाला, मसालेवाला सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. रोज दुकान उघडण्याइतका उंबरठा एकाही गावात नसतो, म्हणून सात गावं मिळून एक दुकान पोसतात. व्यापारी अर्धं अंतर चालतो, गिऱ्हाईक अर्धं. अंतर वाटून घेतलेलं असतं, आणि बाजार बघण्याची हौसही भागते. हे कुणी कायदा करून घडवलेलं नाही. पण दवाखान्याची गाडी, बँकेचा माणूस, विज्ञानाची प्रयोगशाळा, खेळाचा शिक्षक, हे सगळे याच रीतीने वार ठरवून फिरू शकतात. काही ठिकाणी फिरतातही. तेव्हा वाडीची शाळा ठेवायची की पानशेतला न्यायची या दोनांतच निवड आहे असं मानायचं कारण नाही. पहिली-दुसरीची चार पोरं वाडीत शिकावीत आणि आठवड्यातला एक दिवस सगळ्या वाड्यांची पोरं पानशेतला मोठ्या मैदानावर यावीत. शाळेचा आठवडी बाजार. यावर जिल्हा परिषदेतला एखादा अधिकारी म्हणेल, मॅडम, लेख लिहिणं सोपं असतं. खरंच असतं.

आईला हे सगळं ऐकवलं तेव्हा तिला कर्मवीर आवडले, जर्मन माणूस आवडला नाही, आणि बाजाराची कल्पना तिने "तेच तर म्हणत होते" म्हणून स्वतःच्या नावावर करून टाकली. पण तिचा जीव बसमध्ये अडकला होता. उद्घाटनाच्या दिवशी बस असते हे तिलाही माहीत आहे. तिने विचारलं, डिझेलचे पैसे कोण देतं आणि किती वर्षं देणार आहे. बसमध्ये मुलींबरोबर बाई असते का. एखाद्या पोरीला अकरा वाजता ताप भरला तर ती चार वाजेपर्यंत कुठे निजते. आणि जुलैत दरड कोसळून बस आलीच नाही, तर त्या दिवशी गैरहजेरी कुणाची लागते, पोरांची की शाळेची?